वाफ्यावर पाचट अंथरताना

कराड-इस्लामपूरच्या ऊसपट्ट्यात परसबागेसाठी आच्छादन विकत आणण्याची गरजच नाही. तोडणी झाली की फडात पाचट पडून असतं. ते पेटवून देण्यापेक्षा चार पोती बागेत आलेली केव्हाही चांगली.

पाचटाचे वीतभर तुकडे करा. लांब पाती वाऱ्याने उडतात. तण काढा, वाफा पोटभर भिजवा आणि मगच दोन-तीन इंचांचा थर द्या. कोरड्या मातीवर अंथरलं तर वरचं हलकं पाणी पाचटातच मुरतं. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी हवी, नाहीतर बुंधा ओला राहून कुजतो.

पाचटात कर्ब भरपूर, नत्र कमी. मातीत मिसळलं तर कुजताना ते झाडाच्या वाट्याचं नत्र ओढतं, म्हणून वरच राहू द्या. नत्राची ही तूट भरून ते लवकर कुजावं म्हणून खोडवा उसात टनभर पाचटाला 8 किलो युरियाची शिफारस आहे. त्या हिशेबाने 10 किलोला 80 ग्रॅम.

माण, आटपाडी, जतकडे उन्हाळ्याआधीच थर द्या. महाबळेश्वर-शिराळ्याच्या पावसात तो पातळ करा, गोगलगायी दडतात.

यंदा शेजारचा ऊस तुटला की काडी लागण्याआधी मालकाला विचारा.