४१४००१: पाकिटावरचा आकडा

अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण शहराच्या पत्त्याखालचा ४१४००१ तसाच राहिला. वर्षानुवर्षं तो आपण लिहितो, आणि संख्या म्हणून त्याच्याकडे कधी बघत नाही. बघितलंच, तर पहिला अंदाज बहुधा चुकतो: ही मूळ संख्या असणार!

शेवटी १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १०, म्हणजे ३ बाद. इथवर आलं की बरेच जण पेन खाली ठेवतात. ७ ची कसोटी शाळेत कुणी घोटून घेत नाही, आणि हा गडी नेमका तिथेच सापडतो. ७ × ११ × १३ = १००१ एवढं लक्षात ठेवा. सहा अंकांचे तीन-तीनचे दोन तुकडे करून वजाबाकी करा: ४१४ − १ = ४१३. याला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने जात नाही. पूर्ण संख्येचंही तसंच. आता पाकीट उलटं करून मांडा. ७ ने भागल्यावर ५९१४३, पुन्हा ७ ने ८४४९, पुन्हा ७ ने १२०७. आणि १२०७ म्हणजे १७ × ७१, एकमेकींच्या उलट्या दोन मूळ संख्या.

खरी मौज पुढेच आहे. ४१४००१ चे विभाजक सोळा. १ आणि खुद्द ४१४००१ धरून त्यांची बेरीज येते ५१८४००, म्हणजे बरोबर ७२० चा वर्ग. कारण सोपं आहे: १ + ७ + ४९ + ३४३ = ४००, म्हणजे २० चा वर्ग; आणि १८ × ७२ = १२९६, म्हणजे ३६ चा. यातलं ३४३ चं उदाहरण फर्माने १६५७ मध्ये इंग्लंडच्या गणितज्ञांना आव्हान देताना वापरलं होतं.

म्हणून हा आकडा कुणी मुहूर्त बघून काढला, असं मात्र नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. त्यांना टपालाची वाटणी सोपी करायची होती, वर्ग जुळवायचे नव्हते. पहिला ४ पश्चिम विभागाचा, पहिले तीन अंक टपाल-वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. हा ‘जिल्हा’ महसुली जिल्हा नव्हे, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. संगमनेर ४२२६०५, कोपरगाव ४२३६०१, श्रीरामपूर ४१३७०९. जिल्हा आपलाच, पण सुरुवात ४१४ ने नाही.

नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शिक्षकी करणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या कसोट्यांवर मात्र नगर नापास होतं. स्वयंभू संख्येला जनक नसतो, म्हणजे कुठल्याही संख्येत त्याच संख्येच्या अंकांची बेरीज मिळवून ती बनत नाही; इथे जनक आहे. ४१३९६९ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज ३२ मिळवा, ४१४००१ हजर. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी हर्षद म्हटलं, आनंद देणारी. नगरची बेरीज १०, आणि शेवटी शून्य नाही, विषय संपला. पारनेरचा पिन ४१४३०२, बेरीज १४. भागून बघा, २९५९३ येतात. बाकी शून्य.