कललेले क्षितिज: ड्रोनच्या गिंबलविषयीचे गैरसमज

यंत्र आकाशात उत्तम स्थिरावलेले असताना पडद्यावरचे क्षितिज मात्र एका बाजूस कलते, चित्र थरथरू लागते, अथवा गिंबलच्या मोटरवर अतिरिक्त भार पडल्याची सूचना एकाएकी झळकते, तेव्हा हौशी ड्रोनचालकाच्या मनात जो पहिला आणि सर्वांत घातक ग्रह उभा राहतो तो असा, की कॅमेरा बिघडला त्याअर्थी ड्रोनही बिघडला व आता तो कोसळणार. वस्तुस्थिती निराळी आहे. उड्डाणाचे स्थैर्य ड्रोनच्या धडातील संवेदक, उपग्रहांकडून येणारे संकेत आणि पंख्यांच्या मोटरी यांच्या स्वाधीन असते. गिंबल ही केवळ कॅमेऱ्याची टांगणी असून, धड ज्या दिशेस कलेल तिच्या विरुद्ध दिशेस तीन अक्षांवरील तीन लहान मोटरींनी कॅमेरा फिरवीत राहणे, एवढेच तिचे काम आहे. ती सर्वस्वी निकामी झाली तरी ड्रोन सुखरूप उतरू शकतो. अपघात घडतो तो बहुधा चालकामुळे: पडद्यावरचे कललेले चित्र सरळ करण्याच्या भरात तो रिमोटची दांडी उलट दिशेस रेटतो, त्याने चित्र तर सुधारत नाहीच, उलट ड्रोन भलतीकडे सरकतो. अशा वेळी पडद्यावरची नजर काढून प्रत्यक्ष यंत्राकडे पाहावे आणि ते जागच्या जागी थांबवून सावकाश उतरवावे.

प्रत्येक कल हा बिघाडच असतो, ही समजूतही टिकणारी नाही. खालची दिशा कोणती हे गिंबलला कळते ते मुख्यतः गुरुत्वाकर्षणाचा अंदाज घेणाऱ्या संवेदकाकडून. ड्रोनने वेगाने लांब वळण घेतले, की त्या वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणात मिसळतो, संवेदकाला खोटीच ‘खालची बाजू’ भासते आणि क्षितिज तिच्याप्रमाणे झुकते. काही क्षण स्थिर थांबल्यावर ते पूर्ववत झाले, तर दुरुस्तीची तसदी घेण्याचे कारण नाही. मे-जूनच्या वावटळीत वाऱ्याशी झुंजताना धड इतके कलते की गिंबलच्या फिरण्याची मर्यादाच संपते, आणि काही ड्रोनांत तर कॅमेरा धडाबरोबर कलावा अशी एक स्वतंत्र पद्धतच दिलेली असते, जी अनवधानाने सुरू राहिल्यास निर्दोष यंत्रावर नाहक ठपका येतो.

चित्र मुरंब्याच्या फोडीसारखे लिबलिबीत हलू लागते, त्या दोषाबाबत तर गिंबल बहुधा निरपराधच असते. कॅमेऱ्याचा संवेदक संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचीत जातो. त्या अल्पावधीत कॅमेरा सूक्ष्म कंपाने हलला, तर सरळ इमारतही नागमोडी दिसते. हा कंप येतो तो कपचा उडालेल्या पात्यातून, सैल झालेल्या स्क्रूतून, किंवा गिंबल ज्या रबरी गुंड्यांवर तोललेले असते त्यांपैकी एखादी निसटली अथवा उन्हाने कडक झाली, तर त्यातून. भिंगावर बसविलेली परकी काच तोल बिघडविते ती निराळीच. म्हणून गिंबलला हात लावण्यापूर्वी पाती बदलून पाहणे हाच स्वस्त व शहाणपणाचा मार्ग.

कॅलिब्रेशन, म्हणजे संवेदकांची नव्याने जुळवणी, ही सर्व रोगांवरची मात्रा, अशी श्रद्धा फार फोफावली आहे. क्षितिजाचा किंचित कल उड्डाणातही मेनूतून सुधारता येतो. परंतु गिंबलचे पूर्ण कॅलिब्रेशन सपाट व निश्चल पृष्ठभागावरच करावयाचे असते, आकाशात नव्हे. होकायंत्राच्या कॅलिब्रेशनचा तर क्षितिजाच्या कलाशी संबंधच नाही. नोएडा-गुरुग्रामच्या लोखंडी सळयांनी भरलेल्या गच्चीवर ते केल्यास नवे संकट तेवढे ओढवते.

हवामानाचा दोष मात्र खरा आहे. अनेक हौशी ड्रोनांची तापमानमर्यादा शून्य ते चाळीस अंश सेल्सियस असते आणि दिल्लीचा उन्हाळा ती सहज ओलांडतो. आंधीची बारीक धूळ मोटरींच्या फटींत जाते, आणि ती काढण्यासाठी तेल सोडणे म्हणजे तिचा चिखल करणे होय.

दुरुस्तीचे सुटे भाग आणणेच बेकायदा, अशी धास्ती काहींना वाटते. 9 फेब्रुवारी 2022 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने काही अपवाद वगळता परदेशी ड्रोनांच्या आयातीस मनाई केली, परंतु सुट्या भागांच्या आयातीस ती लागू नाही. चांदणी चौकाजवळच्या लजपतराय मार्केटसारख्या बाजारातून कुणी कारागीर गाठून तुटलेली रिबन केबल बदलून घेता येईलही, मात्र अनेक यंत्रांत भाग बदलल्यावर गिंबलची नवी जुळणी निर्मात्याच्या सॉफ्टवेअरवाचून होत नाही, हे आधी विचारून घ्यावे.

दुरुस्तीनंतर गच्चीवरून ‘थोडेसे उडवून पाहणे’ हे उड्डाणात मोडत नाही, असेही कित्येकांना वाटते. 2021 च्या ड्रोन नियमावलीप्रमाणे उड्डाणबंदीच्या लाल व नियंत्रित पिवळ्या क्षेत्रांत पूर्वपरवानगीवाचून उडविता येत नाही, आणि अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नसले तरी क्षेत्राचे बंधन सुटत नाही. त्यात प्रजासत्ताकदिन व स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास दिल्ली पोलिसांचा मनाईहुकूम निराळा निघतो. चाचणीसाठी वस्तुतः उड्डाणाची गरजही नसते: चारही पाती काढून, गिंबलचे आवरण उतरवून, ड्रोन सपाट टेबलावर चालू करावा, निकोप गिंबल आपल्या अक्षांवर एकदा फिरून, कुठेही न अडखळता, सरळ समोर येऊन थांबते.