तीच गोळी पाचव्यांदा घेण्याआधी

हैदराबादच्या मलकपेठेतल्या मराठी घरातली बाई दिवसभरात तीन भाषा बोलते. घरात मराठी, गंज बाजारातल्या कांदेवाल्याशी दखनी, शेजारणीशी तेलुगू. पण योनीमार्गाला खाज सुटते, लघवीला बसलं की आग होते, हे सांगायची वेळ आली की तिन्ही भाषा आटतात. तेलुगूत ‘तेल्ल बट्ट’ म्हणतात, म्हणजे पांढरं कापड. दखनीत ‘सफेद पानी’, आपल्यात ‘अंगावरून पांढरं जातं’. तिन्ही शब्द स्रावाचे, खाजेचा त्यात एकही नाही. मग मेडिकलच्या काउंटरवर, मागे दोन पुरुष उभे असताना, ती हळूच म्हणते, “ती एका डोसची गोळी द्या.” चार दिवस बरं वाटतं. महिन्याभरात पुन्हा तेच.

जिला शुगर आहे (इथे मधुमेहाला दुसरं नाव नाही) तिच्या बाबतीत हे चक्र का थांबत नाही, ते नीट समजून घेऊ.

खाज आणणारी बुरशी म्हणजे कँडिडा. ती बाहेरून येतेच असं नाही. कसलाही त्रास नसलेल्या शंभर बायका तपासल्या तर त्यातल्या दहा ते वीस जणींच्या योनीत ती शांतपणे राहत असलेली सापडते. तिथले चांगले जंतू आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी तिला आवरून धरतात. रक्तातली साखर वाढून राहिली की हा तोल ढळतो. योनीतल्या स्रावातही साखर वाढते, बुरशी आतल्या अस्तराला अधिक घट्ट चिकटते आणि पांढऱ्या पेशींची तिला मारण्याची ताकद कमी पडते. शिवाय रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडू लागतात, आणि लघवीनंतर त्वचेवर राहिलेला ओलावाही गोड असतो. बुरशीला आणखी काय हवं?

म्हणूनच आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे अस्वच्छतेमुळे होत नाही. दिवसातून तीनदा साबणाने धुणाऱ्या, पाण्यात जंतुनाशक टाकणाऱ्या बायकांनाही होतं, उलट त्या धुण्याने त्वचा सोलवटून आग वाढते. पांढरं गेल्याने हाडं झिजतात हेही खरं नाही. साधं पाणी, नीट कोरडं करणं आणि सुती आतले कपडे, एवढी स्वच्छता पुरते. आणि जिला शुगर असल्याचं माहीतच नाही, तिला हा त्रास वर्षात दुसऱ्या-तिसऱ्यांदा झाला तर एकदा साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली खबर कधी कधी अशीच येते.

आता गोळ्यांचा डबा उघडा. शुगरच्या एखाद्या पाकिटावरचं औषधाचं नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतं का पाहा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. ही औषधं मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाहीत. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे बारा ते पंधरा चमचे साखर लघवीवाटे बाहेर जाते, तेही रक्तातली साखर आटोक्यात असताना. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात संपलं, स्वस्त गोळ्या आल्या आणि हे औषध घरोघरी पोहोचलं. औषध चांगलं आहे. हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही जपतं, म्हणून मनाने बंद करू नका. पण बायकांमध्ये बुरशीची लागण हा त्याचा सर्वांत ठरलेला दुष्परिणाम आहे, आणि लिहून देताना तो सांगितला जातोच असं नाही. त्रास ही गोळी सुरू झाल्यावर लागला का, तारखा लावून बघा. लागला असेल तर शुगरच्या डॉक्टरांना तेच वाक्य सांगा. बुरशीचे उपचार करत गोळी चालू ठेवायची की बदलायची, ते तुमचं हृदय आणि मूत्रपिंड पाहून ठरवतील. तोवर प्रत्येक लघवीनंतर पाण्याने धुऊन टिपून घेणं, एवढ्यानेही फरक पडतो.

ग्लिफ्लोझिनची गोळी घेणाऱ्या कुणाला गुप्तांगाजवळ तीव्र वेदना, सूज आणि ताप एकदम आला तर ती खाज समजू नये. क्वचित होणारा पण जिवावर बेतणारा संसर्ग असतो तो. त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

पुढचा प्रश्न, ही बुरशीच आहे का? बुरशीचा स्राव दह्याच्या कवडीसारखा असतो आणि त्याला वास नसतो. माशासारखा वास येत असेल तर दुखणं वेगळं, गोळी वेगळी. पाळी गेलेल्या बाईची खाज अनेकदा कोरडेपणाची किंवा त्वचेच्या आजाराची असते. त्यामुळे वारंवार त्रास होणाऱ्या बाईने एकदा तरी तपासून घेतलंच पाहिजे. डॉक्टर कापसाच्या काडीने स्राव घेतात, एक थेंब काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि काडी कल्चरला पाठवतात. दोन-तीन दिवसांत बुरशी वाढते आणि तिची जात कळते.

जात कळणं का महत्त्वाचं? दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. मधुमेह आणि योनीतली बुरशी दोन्ही असलेल्या १११ बायका त्यांनी तपासल्या. नेहमीची कँडिडा अल्बिकन्स ३२ जणींत निघाली, तर ६८ जणींत निघाली कँडिडा ग्लॅब्राटा. ही दुसरी बुरशी काचपट्टीवर धागे दाखवत नाही, म्हणून नजरेतून सुटते, आणि फ्लुकोनाझोलला सहसा दाद देत नाही. फ्लुकोनाझोल म्हणजेच काउंटरवरची ती एका डोसची गोळी. ग्लॅब्राटा असलेल्यांपैकी या गोळीने ३५ पैकी १० जणींची बुरशी गेली. बोरिक अ‍ॅसिडची ६०० मिलिग्रॅमची योनीत ठेवायची कॅप्सूल चौदा दिवस वापरलेल्या ३३ पैकी २१ जणींची गेली. म्हणजे पाचव्यांदा तीच गोळी घेणाऱ्या बाईचं काही चुकत नसतं, गोळी चुकीच्या बुरशीवर चाललेली असू शकते. बोरिक अ‍ॅसिड मात्र पोटात गेलं तर विष आहे आणि गरोदरपणी वर्ज्य. घरातली कॅरमची बोरिक पावडर कॅप्सूलमध्ये भरण्याचा विचारही करू नका. ते डॉक्टरांनीच लिहून द्यायचं.

अल्बिकन्स निघाली तरी साखर आटोक्यात नसताना एक डोस पुरत नाही. योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी किंवा मलम सात ते चौदा दिवस, नाहीतर फ्लुकोनाझोलचे दोन-तीन डोस तीन-तीन दिवसांच्या अंतराने, असा उपचार असतो. गरोदर बाईला फ्लुकोनाझोल नको, मलमच. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये स्रावासाठी हिरवं किट फुकट मिळतं, पण त्यातही फ्लुकोनाझोलचा एकच डोस असतो. किट हातात घेतानाच शुगर असल्याचं सांगा.

आणखी एक धोका फार कमी जणींना माहीत असतो. फ्लुकोनाझोलमुळे ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळीचा परिणाम वाढतो. घाम फुटणं, हातपाय थरथरणं, साखर एकदम उतरणं असं होऊ शकतं. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांशीही फ्लुकोनाझोलचं जमत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, घरात पडलेली मलमाची ट्यूबही. तिच्यावर क्लोबेटासॉल असं नाव असेल तर ते जोरदार स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवस दबते, बुरशी वाढते, त्वचा पातळ होते.

मलकपेठच्या सरकारी एरिया हॉस्पिटलात जा, सुलतान बाजारच्या प्रसूती रुग्णालयात जा की खासगी दवाखान्यात, शब्द अडले तर एवढं म्हणा: “पेशाब की जगह खुजली और जलन है, शुगर भी है, साल में चौथी बार हुआ.” तेलुगू डॉक्टर असतील तर खाजेला ‘दुरद’. वर्षात तीन किंवा अधिक वेळा झालं की वैद्यकाच्या भाषेत ते ‘वारंवार’ ठरतं, म्हणून आकडा सांगायलाच हवा. नवऱ्याला लक्षणं नसतील तर त्याला औषध लागत नाही. पण त्यालाही शुगर असेल आणि शिश्नाच्या टोकाला लाली, खाज असेल तर दोघांनी एकदमच उपचार घ्यावेत.

वारंवार होणाऱ्या अल्बिकन्ससाठी पहिले डोस झाल्यावर फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एक, अशी सहा महिने देतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांअखेर अशी गोळी घेणाऱ्या बायकांपैकी दर दहांतल्या नऊजणी त्रासमुक्त होत्या. गोळी थांबवल्यावर आणखी सहा महिन्यांनी तशा राहिल्या दहांतल्या चारच. हा आकडा आधीच ठाऊक असलेला बरा, म्हणजे पुन्हा खाज सुटली तर बाई स्वतःला दोष देत बसत नाही. या सहा महिन्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) दोनदा होतो, आणि तो सातच्या आसपास आणण्याचं काम याच काळात करायचं असतं. गोळीचा वार एकच ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. सव्वीस खुणा होतात.