आजन्म हमी : जन्म कोणाचा?

मंडळी, गावचा सुतार पोटाला चिमटा घेऊन ड्रिल मशीन घेतो. खोक्यावर 'आजन्म हमी' छापलेले दिसले की त्याला वाटते, काळजी मिटली. पण हा जन्म कोणाचा? बहुधा पहिल्या खरेदीदारापुरताच! यंत्र विकले की हमी संपली. म्हणून हमीपत्र आधी वाचा.

पुष्कळदा ठरल्या मुदतीत नोंदणी करावी लागते. यंत्रावरचा क्रमांक नि पक्की पावती जवळ हवी. पावतीची शाई उडते. घरी येताच तिचा फोटो काढा. मोबाईलवर नोंदणी जमत नसेल तर गुरुजींना सांगा. गुरुजी, एवढे आपण कराच.

कार्बन ब्रश झिजायचाच. तो सहसा हमीत बसत नाही. मुदतीत यंत्र बाहेरच्या मिस्त्रीकडून उघडू नका. अधिकृत केंद्रात द्या आणि पोच घ्या.

तरीही टोलवाटोलवी झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी यंत्र घेणाऱ्या कारागिराला २०१९ चा कायदा ग्राहकच मानतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र पावती हवी, बरे का!