चषकाबरोबर नाडीही पाहा

कुमार वयाच्या खेळाडूंचा संघ स्पर्धेहून परतला की त्याच्या कामगिरीचे मोजमाप आपण धावा, बळी आणि चषक यांवरून करतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर एक जमाखर्च आणखी मांडावा लागतो: स्पर्धेच्या दगदगीत या मुलांची शरीरे कशी सांभाळली गेली? वाढत्या वयात हा हिशेब चषकापेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

या दृष्टीने वेस्ट इंडिजमध्ये २०२२ साली झालेली १९ वर्षांखालील विश्वचषक क्रिकेट स्पर्धा तपासण्याजोगी आहे. भारतीय संघातला डावखुरा फिरकी गोलंदाज विकी ओस्तवाल आपल्या शेजारचाच, खोपोलीहून घाट चढला की लागणाऱ्या लोणावळ्याचा. १५ जानेवारीच्या पहिल्याच सामन्यात त्याने दक्षिण आफ्रिकेचे ५ गडी २८ धावांत टिपले आणि भारताने ४५ धावांनी विजय मिळवला.

त्यानंतर मात्र संघात कोरोना शिरला. १९ जानेवारीच्या आयर्लंडविरुद्धच्या सामन्याच्या वेळी कर्णधार यश धुल व उपकर्णधार शेख रशीद यांच्यासह ६ खेळाडू विलगीकरणात होते. १७ जणांतून ६ वजा केले की ११ उरतात. म्हणजे राखीव गडी एकही नाही! खेळाडूंना पाणी पोहोचवण्याचे कामही प्रशिक्षक मंडळींना करावे लागले. तरीही निशांत सिंधूच्या नेतृत्वाखाली संघाने तो सामना १७४ धावांनी जिंकला आणि २२ जानेवारीला युगांडावर ३२६ धावांनी मात केली.

धुल व रशीद या दोन्ही सामन्यांना मुकले. ते मैदानात परतले २९ जानेवारीला, बांगलादेशविरुद्ध. पुढे २ फेब्रुवारीच्या उपान्त्य सामन्यात याच दोघांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०४ धावांची भागीदारी रचली. ५ फेब्रुवारीला इंग्लंडला ४ गडी राखून हरवून भारताने पाचव्यांदा हा चषक जिंकला. आजारी खेळाडूंना बाजूला ठेवल्याने संघाचे नुकसान झाले नाही. उलट तेच खेळाडू ऐन मोक्याला कामी आले. माझ्या मते या संघाला सर्वांत जास्त गुण द्यायचे ते या संयमासाठी.

आता आपल्याकडे वळू. पावसाळा सरला की लोधिवली, चौक, खालापूर, कर्जत परिसरात टेनिस चेंडूच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. चांगल्या खेळाडूच्या अंगात ताप असला तरी "एक गोळी घे आणि उतर" असे त्याला सांगणारे हितचिंतक काही कमी नसतात. गोळीने ताप उतरतो, आजार उतरत नाही. कोरोनाच नव्हे, फ्लूसारख्या इतर काही विषाणूंमुळेही क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. अशा वेळी जोराचे धावणे झाल्यास हृदयाची लय बिघडून खेळाडू मैदानातच कोसळू शकतो. हे क्वचित घडते हे खरे, पण जे टाळता येते ते एकदाही का घडू द्यावे?

म्हणून पालकांनी व संघचालकांनी पुढील पथ्ये पाळावीत.

१) नुसती सर्दी असून ताप नसेल, तर हलका सराव चालेल. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल, तर खेळ पूर्ण बंद.

२) ताप गेल्यावर लगेच सामना खेळू नये. काही दिवस विश्रांती, मग चालणे, मग हलके धावणे, मग सराव आणि शेवटी सामना, असा क्रम ठेवावा.

३) सकाळी उठल्याबरोबर मनगटाची नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा मिनिटाला दहा-बारा ठोक्यांनी जास्त असेल, तर शरीर अजून सावरलेले नाही असे समजावे.

४) छातीत दुखणे, धडधड, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा चक्कर यांपैकी काहीही झाले तर खेळ थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हृदयाचा आलेख काढावा लागतो.

५) तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत. ताप डेंग्यूचा असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणखी एक गोष्ट गोलंदाजांविषयी. चौदा-पंधरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजासाठी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने सलग ६ आणि दिवसात १२ षटकांची मर्यादा घातली होती. आपल्याकडे एकाच दिवशी तीन-चार सामने होतात आणि प्रत्येकात तोच मुलगा गोलंदाजी करतो. या वयात कमरेच्या मणक्याची हाडे पुरती पक्की झालेली नसतात. सततच्या ताणाने त्यांना बारीक चीर पडू शकते. गोलंदाजी करताना कंबर दुखत असेल आणि दोन आठवड्यांत थांबत नसेल, तर मलम चोळत बसू नये, तपासणी करून घ्यावी. वेळीच विश्रांती मिळाली तर बहुतेक मुले पुन्हा पूर्वीसारखी खेळू लागतात.

तेव्हा यंदा गावचा संघ स्पर्धेहून परतला की किती धावा केल्या हे जरूर विचारा. पण किती जण आजारी होते, त्यांना विश्रांती दिली की तसेच खेळवले, हेही विचारा. या प्रश्नाचे उत्तर नीट देणारा संघ हरून आला असला, तरी त्याच्या पाठीवर थाप द्यायला हरकत नाही.