पिंजरा घेणाऱ्या ग्राहकाला काय द्यावे?

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात, हैदराबादला चारमिनारजवळच्या मुर्गी चौकात किंवा कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी भरणाऱ्या बाजारात गेले की पाळीव पशु-पक्ष्यांच्या जोडीने चालणारा दुसरा एक धंदा नजरेस पडतो. तो धंदा पिंजरे, वाट्या, पट्टे, साखळ्या आणि काचेच्या टाक्यांचा. जाळी वाकवणारे, झाळकाम करणारे, चामडे शिवणारे आणि काच कापणारे असे अनेक कारागीर या मालावर पोट भरतात. परंतु आता साच्यातून निघालेले तयार पिंजरे सर्वत्र मिळू लागले आहेत. निव्वळ स्वस्ताईच्या बळावर त्यांच्याशी टक्कर देणे हाताने काम करणाऱ्याला परवडणारे नाही. त्याच्या हाती एकच गोष्ट उरते. ती म्हणजे ग्राहकाच्या पाखराला नेमके काय हवे हे ओळखून तसा माल देणे.

पिंजरा नेल्यावर महिन्याभरात पक्षी मेला तर ग्राहक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. दोष पक्ष्याचा, दाण्याचा की पिंजऱ्याच्या तारेचा, हे तपासायला कोणी बसत नाही. नाव मात्र दुकानाचे जाते. म्हणून या मालातील बारकावे विकणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असले पाहिजेत.

लांबी मोठी हवी, उंची नव्हे

आपल्याकडे ग्राहक ज्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतो तो बहुतेक वेळा बजरीगर असतो. खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा आणि दणकट चोचीचा असतो. तेव्हा पिंजरा दाखवण्यापूर्वी पक्षी कोणता हे नीट विचारून घ्यावे. बजरीगरासाठी दोन तारांतील अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नसावे. जास्त झाले तर पक्षी डोके बाहेर काढतो आणि अडकतो. कॉकाटेल मोठा असल्याने त्याला पाऊण इंचापर्यंतचे अंतर चालते.

उंच, घुमटाकार पिंजरा दिसायला देखणा असतो व गिऱ्हाईक त्यावर भाळते. परंतु पक्षी आडवा उडतो, त्यामुळे वरची उंची त्याच्या कामाची नाही. शिवाय घुमटाच्या शेंड्याला तारा जवळ येतात व तेथे बोटे किंवा नखे अडकतात. बजरीगराच्या जोडीला निदान ३० इंच लांब, १८ इंच रुंद व १८ इंच उंच असा चौकोनी पिंजरा द्यावा.

मोठा पिंजरा महाग पडेल या भीतीने अनेक कारागीर १८ × १२ × १२ इंचांचा पिंजराच बनवत राहतात. येथे थोडा हिशेब करून पाहावा. लहान पिंजऱ्याच्या सहा बाजूंना ८ चौरस फूट जाळी लागते. मोठ्याला साडेएकोणीस चौरस फूट, म्हणजे अडीच पटीहूनही थोडी कमी. पण आतील जागा मात्र पावणेचार पट होते. दार, कडी, ट्रे यांची मजुरी काही त्या प्रमाणात वाढत नाही. हा हिशेब ग्राहकाला समजावून सांगितला तर तो थोडे जास्त पैसे द्यायला सहसा कुरकुर करत नाही.

जस्ताचा धोका

आपल्याकडील बहुतेक पिंजरे जीआय जाळीचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचे असतात. कबुतरे किंवा लहान मुनियांसारखे पक्षी तार चघळत नाहीत, त्यामुळे त्यांना तिचा फारसा त्रास होत नाही. पोपटाच्या जातीचे पक्षी मात्र दिवसभर चोचीने तार कुरतडतात. बजरीगर, कॉकाटेल, लव्हबर्ड हे सारे त्याच जातीतले. मुलाम्याचे सुटे कण आणि जाळीवर जमणारी पांढरी भुकटी त्यांच्या पोटात जाते. मग पक्षी सुस्त होतो, पाणी जास्त पितो, उलटी करतो, विष्ठा हिरवी होते आणि वेळीच इलाज झाला नाही तर दगावतो. नव्या पिंजऱ्यात हा धोका सर्वात जास्त असतो.

यावर उपाय अवघड नाही. जाळीवर जस्ताचे लोंबते थेंब, टोके किंवा पापुद्रे दिसले तर ते कानशीने काढून टाकावेत. नंतर सबंध पिंजरा व्हिनेगर लावून ताठ ब्रशने घासावा, भरपूर पाण्याने धुवावा आणि उन्हात वाळवावा. याने धोका कमी होतो, अगदी नाहीसा होत नाही, हेही ग्राहकाला स्पष्ट सांगावे. ज्याची ऐपत असेल त्याला स्टेनलेस स्टीलचा पिंजरा दाखवावा. किंमत जास्त, पण तो गंजत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. पावडर कोटिंगचा पिंजरा हा मधला मार्ग होय. मात्र त्याचा थर कोठे सुटलेला नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे.

सांधे जोडताना शिसे असलेले झाळण पोपटवर्गीय पक्ष्याच्या पिंजऱ्याला कदापि वापरू नये. शिसे हे जस्ताहून वाईट विष आहे. जुना पिंजरा चकचकीत करण्यासाठी घरात उरलेला तैलरंग फासण्याची सवयही सोडून द्यावी.

दांडी, दार आणि ट्रे

बहुतेक पिंजऱ्यांत एकाच जाडीच्या दोन गुळगुळीत दांड्या असतात. रोज एकाच मापावर बसून पक्ष्याच्या तळव्याला घट्टे व फोड येतात. त्यापेक्षा पेरू किंवा कडुनिंबाच्या, कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून बसवाव्यात. दांडीला वाळूचा कागद गुंडाळण्याची पद्धत चुकीची आहे. त्याने नखे झिजत नाहीत, तळवे मात्र सोलतात. दाण्यापाण्याची वाटी दांडीच्या बरोबर खाली ठेवू नये, नाहीतर पाणी तासाभरात घाण होते.

वर सरकणारे दार पोपटवर्गीय पक्षी चोचीने उचलतो आणि निसटतो. म्हणून त्यावर एक क्लिप किंवा कडी हवीच. खालचा ट्रे बाहेर ओढता आला पाहिजे. जो पिंजरा साफ करणे जिकिरीचे, तो साफ होत नाही आणि शेवटी घराबाहेर जातो.

सशाची गोष्ट निराळी. त्याच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते. जाळीच्या तळावर राहून त्याच्या पायांना जखमा होतात. सशाच्या पिंजऱ्याचा तळ सपाट व भरीव असावा आणि त्यावर वाळलेल्या गवताचा जाड थर द्यावा.

वाट्या आणि कुंडी

वाट्यांच्या बाबतीत स्टेनलेस स्टील सर्वात बरे. परंतु घरातली हलकी वाटी कुत्रा नाकाने ढकलत नेतो. तळ रुंद आणि त्याला रबराचे कडे असेल तर ती जागेवर राहते. लांब कानांच्या कुत्र्याला अरुंद तोंडाचे, खोल भांडे द्यावे म्हणजे कान अन्नात बुडत नाहीत. पग किंवा पर्शियन मांजर यांचे नाक चपटे असते. त्यांना उथळ, पसरट थाळीच हवी.

प्लॅस्टिकच्या भांड्याला ओरखडे पडतात व त्यांत जंतू साठतात. पितळेचे भांडे दिसायला सुरेख असले तरी पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, हे विसरू नये. आंबट अन्नाने ते कळकते. चिनी मातीचे भांडे जड व सोयीचे असते, मात्र त्याची झिलई शिसेविरहित असल्याची खात्री करून घ्यावी.

उन्हाळ्यात कुंभाराकडील पसरट मातीची कुंडी याच दुकानात ठेवायला हरकत नाही. तिच्यात पाणी थंड राहते आणि ती सहज उलटत नाही. धारावीच्या कुंभारवाड्यासारख्या ठिकाणच्या कारागिरांना त्यातून काम मिळू शकते. कुंडी सच्छिद्र असल्याने आठवड्यातून एकदा घासून उन्हात वाळवावी, इतके ग्राहकाला सांगणे पुरे.

पट्टे आणि टाक्या

चामड्याचा पट्टा हा आपल्या कारागिरांचा हातखंडा. येथे कसोटी दोन जागी लागते. साखळी अडकवायची कडी वेल्ड केलेली असावी. नुसती वाकवून जोडलेली कडी कुत्र्याच्या एका हिसक्यात उघडते आणि जनावर रस्त्यावर गाडीखाली येते. तसेच पट्टा बांधल्यावर मान व पट्टा यांत दोन बोटे सहज जावीत. म्हणून भोके जवळजवळ पाडावीत. मांजराच्या पट्ट्याला मात्र ओढ बसताच सुटणारे बक्कल हवे, कारण मांजर चढते आणि अडकते.

माशांसाठी गोल काचपात्र विकणे टाळलेले बरे. त्यात पाणी थोडे मावते, लवकर खराब होते आणि गोल्डफिश तर चांगलाच मोठा होणारा मासा आहे. २४ × १२ × १२ इंचांच्या टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. म्हणजे केवळ पाण्याचेच वजन ५६ किलो. मेज किंवा फळी हे वजन पेलेल का, हे विक्रीपूर्वीच विचारावे.

कायद्याची बाजू

१९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. आपल्याकडचा हिरवा पोपट, पहाडी मैना व मुनिया हे भारतीय पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांची खरेदी-विक्री आणि पाळणे बेकायदेशीर आहे. म्हणून ‘पोपटाचा पिंजरा’ मागणाऱ्या ग्राहकाला ही गोष्ट सभ्यपणे सांगावी आणि बजरीगर किंवा कॉकाटेलसारख्या परदेशी, पिंजऱ्यात पैदास झालेल्या पक्ष्यांकडे वळवावे. जिवंत प्राणी विकणाऱ्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. जे दुकानदार पिंजऱ्यांसोबत पक्षीही ठेवतात त्यांनी याकडे काणाडोळा करू नये. एका धाडीत वर्षाची कमाई जाऊ शकते.

थोडक्यात, ग्राहक दुकानात आला की चार प्रश्न विचारावेत. प्राणी कोणता, किती, घरात जागा किती आणि साफसफाई कोण करणार. या चार उत्तरांवरून कोणता माल द्यायचा हे ठरते. तयार मालाच्या खोक्यावर हे प्रश्न छापलेले नसतात. ते कारागीर व दुकानदारच विचारू शकतो आणि माप घेऊन त्याप्रमाणे बनवूनही देऊ शकतो. ज्याचे पाखरू दोन-तीन वर्षे मजेत राहिले, तो ग्राहक आपल्या शेजाऱ्यालाही त्याच दुकानात घेऊन येतो.