पानपिंपरी आणि काढ्याचं माप

अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातले अकोट, तेल्हारा हे सातपुड्याच्या पायथ्याचे तालुके. बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी इथे नागवेलीच्या पानमळ्यांसोबत आणखी एक वेल पिढ्यान्‌पिढ्या जपली. पांगारा, शेवरी अशा झाडांच्या आधाराने चढणारी, गर्द सावलीत वाढणारी ही पानपिंपरी. कच्च्या तुतीसारखं दिसणारं तिचं हिरवंकाळं फळ पिकण्याआधी हाताने तोडतात, उन्हात वाळवतात, आणि मग ते काष्ठौषधींच्या दुकानात ‘पिंपळी’ या नावाने पोचतं. सुंठ आणि मिऱ्यासोबत तिचं त्रिकटू होतं. सितोपलादी चूर्णातही ती असते.

चीनच्या पारंपरिक औषधांतही पिंपळी आहे. तिथे तिला ‘बिबो’ म्हणतात आणि हे नाव संस्कृत ‘पिप्पली’वरूनच गेलेलं आहे.

पिंपळीचा विषय निघाला की चरकसंहितेतली एक गोष्ट आठवायलाच हवी. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचा अतिवापर करू नये, असं चरक ग्रंथाच्या ‘विमानस्थान’ या भागात बजावतात. आणि याच ग्रंथात वर्धमान पिप्पलीचा प्रयोगही सांगितला आहे: पहिल्या दिवशी दहा पिंपळ्या, मग रोज दहा वाढवत दहाव्या दिवशी शंभर, आणि पुन्हा रोज दहाने उतरायचं. एकोणीस दिवसांत बरोबर एक हजार होतात. सोबत दूध, आणि आहारात दूध-तूप-भात. ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांच्यासाठी रोज सहाची किंवा तीनची चढउतार. औषध तेच, पण मात्रा, क्रम, पथ्य आणि घेणाऱ्याची ताकद यांचा हिशेब नसेल तर तेच अपायाचं. एकोणीस दिवसांचा हा प्रयोग अर्थातच वैद्याच्या नजरेखाली करायचा, घरी पुडी आणून नव्हे.

वऱ्हाडात मात्र सर्रास ऐकू येतं, ‘घरचंच औषध हाय, त्यानं काय होते बा?’

होतं. काढ्यापासूनच सुरुवात करू. काढ्याला बारीक चूर्ण नव्हे, भरड लागते. शार्ङ्गधरसंहितेत एक भाग भरडीला सोळा भाग पाणी सांगितलं आहे. मंद आच, भांड्याचं तोंड उघडं, आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. रोजच्या वापरात अनेक वैद्य पाव हिस्सा उरवायला सांगतात. म्हणजे 10 ग्रॅम भरड, 160 मिली पाणी, उरलेला काढा 40 मिली. अंदाज चुकू नये म्हणून साधी युक्ती आहे. आधी 40 मिली पाणी भांड्यात ओतून त्यात काडी उभी धरायची, ओल जिथवर येते तिथे खूण करायची. मग भरड आणि बाकीचं पाणी घालून उकळायचं आणि खुणेवर आलं की उतरवून गाळायचं. काढा रोज ताजा करावा. सकाळचा उरलेला दुसऱ्या दिवशी गरम करून पिऊ नये.

सगळ्याच वनस्पती अशा आटवायच्या नसतात. तुळस, दालचिनी यांचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात असतो, तो वाफेबरोबर उडून जातो. त्यांचा फांट करावा, म्हणजे उकळतं पाणी ओतून झाकण ठेवावं. चिनी पद्धतीतही पुदिन्यासारखी सुवासिक पानं उकळी संपता संपता टाकतात. बाकीची औषधं आधी भिजवतात, मातीच्या भांड्यात दोनदा उकळतात आणि दोन्ही काढे एकत्र करून त्याचे भाग पाडतात. सुगंध उकळून उडतो, ही एकच गोष्ट दोन देशांतल्या वैद्यांनी ओळखली होती.

पुढचा मुद्दा अधिक गंभीर आहे. पिंपळी आणि मिरे यांत पायपरिन असतं. इतर औषधं रक्तात किती शोषली जातात, किती वेळ टिकतात, यावर ते परिणाम करतं. फिटवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरचं थिओफायलिन यांची रक्तातली पातळी पायपरिनमुळे वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. याच गुणाचा उपयोग करून क्षयावरच्या रिफॅम्पिसिनसोबत पायपरिन घातलेली गोळीही भारतात निघाली. डॉक्टरांनी मोजूनमापून दिलं तर ते औषध, पण फिटची गोळी घेणाऱ्याने त्यांना न सांगता महिनाभर त्रिकटू घेतलं तर मात्रेचा हिशेब बिघडू शकतो. ज्येष्ठमधाचंही तसंच. खोकल्याला गुणकारी, पण रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं.

करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नव्हती, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद बाजूला ठेवला तरी कुंपणावरची वेल ओळखता येते असं गृहीत धरणं धोक्याचंच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, तिथे जाऊन झाडं प्रत्यक्ष पाहता येतात. बिब्बा, बचनाग, कुचला यांच्या तर वाटेला जाऊ नये. ही द्रव्यं असलेल्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशी सूचना छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

गरोदर बाई, लहान मूल, मूत्रपिंडाचा रुग्ण यांनी विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये. वैद्यांनी औषध उपाशीपोटी, जेवणाआधी की जेवणानंतर सांगितलं, कशासोबत, किती दिवस, हे कागदावर लिहून घ्या. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पाकिटाबरोबर काढ्याची पुडीही पिशवीत टाका, डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही ठेवा.